दोन डाव्या हातांची जोडी

निवड समितीच्या मोठ्या माणसांनो, तुम्ही एका बाईला चोर ठरवलंत. तिला समोर बोलावलं नाहीत. तिचं विणकाम हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं नाहीत. संगणकावर दोन फोटो शेजारी शेजारी लावलेत, कॉफी प्यायलात आणि लिहून मोकळे झालात: ‘अर्जदार महिलेने दुसऱ्या कलाकाराच्या नक्षीची नक्कल करून माल विकला आहे. तिला पुढील तीन वर्षे जत्रेत गाळा मिळणार नाही. तिचे नाव नक्कल करणाऱ्यांच्या यादीत लावण्यात येत आहे.’ खाली सही, सहीखाली शिक्का. तुमच्यातल्या एकालाही सुईवर टाका कसा घालतात ते माहीत नव्हतं. जन्मात कधी अर्धा मोजा विणला नव्हतात. पण निवाडा करायला बसलात, आणि बसलात ते बसलातच.

हे पत्र जिच्या दारात पडलं ती सार्मीते. लाटवियाच्या किनाऱ्यावर वेयसाला नावाचं गाव आहे, तिथली. वय एकोणसाठ. नवरा इमांट्स मासे धुरावतो, ही हातमोजे विणते. ऑक्टोबरात बटाटे घरात आले की पाच सुया हातात घ्यायची ती एप्रिलमध्ये बागेतला बर्फ पुरता गेला की खाली ठेवायची. जूनमध्ये शहराबाहेरच्या पाइनच्या रानात हातकारागिरांची जत्रा भरते, तिथे सगळं विकायचं. एकवीस वर्षं तिचा गाळा ठरलेला, चिनीमातीवाल्याच्या शेजारी. एकवीस वर्षांत तिच्या हातमोज्याचा एक टाका उसवून परत आला नव्हता.

पत्र तिनं उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं. इमांट्सनं विचारलं, “काय म्हणतायत?”

“चोर म्हणतायत.”

“कुणाला?”

“मला. आणखी कोण राहतं इथं?”

इमांट्स हात पुसत पुढे आला. त्याच्या हातांचा धुराचा वास पत्राला लागला. त्यानं सावकाश वाचलं, ओठ हलवत, आणि म्हणाला, “गाळा गेला तर जाऊ दे. आपण रस्त्यावर टेबल टाकू. मासे आणि मोजे एकत्र.”

“गाळ्याचं कोण बोलतंय?” सार्मीते ओरडली. “ती यादी जत्रेच्या दारातल्या फळ्यावर लागते. माझं नाव तिथं लागणार. सगळा किनारा त्या दारातून आत जातो!”

गाळा नसता तरी तिनं विणलं असतं. पण फळ्यावर चोर म्हणून नाव लागलं, तर उद्या वेयसालात कुठल्या नवरीची आई तिच्याकडे येणार होती? आपल्या लेकीच्या रुखवतातले हातमोजे चोरणीच्या हातचे कोण घेतं?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वेयसालात सगळ्याच बायका एकमेकींचं बघून विणतात. त्यात लपवालपवी नाही. फक्त मागावं लागतं. ज्या बाईची नक्षी हवी तिच्या दारात आपण कातलेल्या लोकरीचा गुंडा घेऊन जायचं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणायचं, “तुमच्या हातची मागते.” ती बाई गुंडा घेते, त्याच लोकरीनं पहिल्या चार ओळी स्वतः विणते आणि सुया तुमच्या हातात देते. तिथून पुढे ती नक्षी तुमचीही. नाही कुणी म्हणत नाही. न मागता घेतली, तर मात्र पुढच्या लग्नात त्या बाईला स्वयंपाकघरात बोलावत नाहीत, आणि तशी बाई गावात गेल्या शंभर वर्षांत एकच झाली. तिचं नाव आजही कुणी घेत नाही.

सार्मीतेनं पत्र पदराच्या, म्हणजे एप्रनच्या, खिशात कोंबलं आणि ती सरळ बिरूतामावशीकडे गेली. बिरूता तिच्या सासूची मावसबहीण, एक्क्याऐंशी वर्षांची. डोळे अधू झालेले, जीभ मात्र अजून धारेची.

“मावशी, मी चोर झाले.”

“झालीस? कशाची चोरी केलीस?”

“तुझ्या लाटेच्या नक्षीची.”

“माझ्या? ती तर मीच तुला दिली, बाई. तुझ्या लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात. कसली लोकर घेऊन आली होतीस, आठवतं का? बोकडाच्या दाढीसारखी. बोटं सोलवटली माझी त्या चार ओळींत.”

सार्मीतेनं सगळं सांगितलं. डिसेंबरात राजधानीतून एक बाई आली होती. लेकीचं लग्न. तिच्याकडे एक चकचकीत पुस्तक होतं, त्यातल्या एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, हे असेच हवेत, दोन जोड्या. सार्मीतेनं बघितलं तर वेयसालाची लाट! तिला वाटलं, चला, आपली लाट पुस्तकात आली, बरं झालं. तिनं जोड्या विणल्या. बाई खूश झाली, लग्नाचे फोटो तिनं सगळ्या जगाला दाखवले, खाली सार्मीतेचं नाव घातलं. ते फोटो पुस्तकवालीनं पाहिले. पुस्तकवालीचं नाव लाउमा, राजधानीतली नामवंत. तिचं हातमोज्यांचं दुकान आहे आणि तिच्या नक्षी बाहेरच्या देशांतसुद्धा विकत घेतात म्हणे. तिनं समितीकडे तक्रार केली.

“पुस्तक आहे का तुझ्याजवळ?”

“ती बाई विसरून गेली होती. आणलंय.”

बिरूतानं पुस्तक खिडकीशी नेलं, नाकाला लावलं. मुखपृष्ठावर समुद्र, वाळू, आणि एक नवरानवरी एकमेकांचे हात धरून उभे. हातांत पांढऱ्यावर निळ्या लाटांचे हातमोजे. वर मोठ्या अक्षरांत: ‘किनाऱ्याची लाट. लाउमा यांची मूळ निर्मिती.’

“मूळ म्हणे,” बिरूता पुटपुटली. मग पुस्तक आणखी जवळ घेतलं. बोटानं फोटोतल्या नवऱ्याचा डावा हात चाचपला, मग उजवा. पुन्हा डावा.

“अगं बाई!” ती म्हणाली. “अगं बाई, बाई, बाई! हिनं नवऱ्याला खांदेकऱ्याचा हातमोजा घातलाय!”

“तेच तर,” सार्मीते म्हणाली. “तेव्हा मला वाटलं, छापताना चूक झाली असेल.”

वेयसालाची लाट दोन तऱ्हांची असते. लग्नाची लाट आत येते. करंगळीकडून निघते आणि अंगठ्याकडे जाते, दोन्ही हातांवर. दोन्ही अंगठे जुळवले की दोन्हींकडच्या लाटा मधे येऊन भेटतात. म्हणून उजव्या हाताची नक्षी डाव्याच्या उलट विणावी लागते. मयताची लाट बाहेर जाते. अंगठ्याकडून करंगळीकडे, हातातून सुटून. शवपेटी खांद्यावर घेणाऱ्या सहाही जणांना घरची बाई तसले हातमोजे देते, आणि ते एकदाच घालायचे असतात. वेयसालातल्या पाच वर्षांच्या पोरीलाही एवढं कळतं.

लाउमाच्या पुस्तकात दोन्ही हातांना एकच चौकटींचा कागद होता. डाव्याचाच. डाव्यावर लाट अंगठ्याकडे आली होती, लग्नाची. तीच उजव्यावर चढवली की अंगठ्यापासून दूर पळत होती. म्हणजे जगभरच्या नवऱ्या आणि नवरदेव एका हातानं लग्न लावत होते आणि दुसऱ्या हातानं कुणाला तरी पुरायला निघाले होते.

बिरूता हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसायला लागली. सार्मीते आधी चिडली, मग तीही हसली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं.

“आणि समिती काय म्हणते माहितीये का?” तिनं पत्राचं दुसरं पान उलगडलं. “‘आरोपी महिलेने नक्कल ओळखू येऊ नये म्हणून उजव्या हाताची नक्षी हेतुपुरस्सर उलटी केल्याचे दिसते.’”

बिरूताचं हसणं थांबलं.

“असं लिहिलंय?”

“असंच.”

“म्हणजे तू बरोबर विणलंस, हा तुझा गुन्हा.”

म्हातारी उठली. पलंगाखालून पेटी ओढली, तिच्यातलं सगळं जमिनीवर ओतलं आणि तळातून एक हातमोजा काढला. एकच. उजवा. पांढरा रंग सायीसारखा पिवळसर झालेला, निळा मात्र अजून ताजा.

“माझ्या आईचा,” ती म्हणाली. “लग्नातला. एकसष्ट साली जिल्ह्याच्या संग्रहालयातून एक माणूस आला होता. लोककला गोळा करायला, सरकारी टोपी घालून. म्हणाला, जोडी द्या. आई म्हणाली, एक ने. जोडी देणार नाही, माझं लग्न अजून चालू आहे. तो डावा घेऊन गेला. उजवा इथं राहिला.”

सार्मीतेनं तो हातमोजा हातात घेतला. पुस्तकातल्या डाव्याशेजारी धरला. मनगटावरच्या पट्ट्या, अंगठ्याजवळचे तीन ठिपके, टोकाला लाट जिथे मिटते तिथला बारीक काटा, सगळं टाक्याला टाका जुळत होतं. फक्त हा खरा उजवा होता. ह्याची लाट आत येत होती.

“हिला संग्रहालयात डावा मिळाला,” सार्मीते म्हणाली. “उजवा मिळाला नाही, म्हणून तिनं दोन डावे केले.”

“आणि त्याला मूळ निर्मिती म्हणाली. चल, कोट घाल.”

“आत्ता कुठं?”

“आत्ता नाही गं. कागद लिही त्या समितीला. म्हणावं, दहा मिनिटं द्या. मी पण येते. मला शहरात जाऊन सात वर्षं झाली, नवा कोट तसाच पडलाय.”

समितीनं दहा मिनिटं द्यायला सहा आठवडे घेतले. दरम्यान सार्मीतेनं जिल्ह्याच्या संग्रहालयातून त्या डाव्या हातमोज्याचा फोटो आणि नोंदीच्या कार्डाची प्रत मागवली. कार्डावर लिहिलं होतं: ‘हातमोजा, डावा. वेयसाला. जोडीतला उजवा देणाऱ्या स्त्रीने ठेवून घेतला.’ ज्याच्या हातानं हे लिहिलं तो माणूस कधीच गेला असेल. पण खरं लिहून गेला.

सुनावणी शहरातल्या सांस्कृतिक भवनात होती. लांब टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, टेबलामागे तिघं. मधे अध्यक्ष, एगिल्स नावाचे, पन्नाशीचे, गुळगुळीत दाढीचे, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारे. डावी-उजवीकडचे दोघं फक्त मान हलवायला होते. लाउमा आधीच येऊन बसली होती. पस्तिशीची असेल. उद्धट वगैरे काही नव्हती. उलट सार्मीतेला पाहून उठून उभी राहिली.

“काकू, माझा तुमच्यावर राग नाही,” ती म्हणाली. “पण मीसुद्धा दोन वर्षं खपलेय. चौकटी भरून भरून डोळे गेले माझे. उद्या प्रत्येकजण माझ्या पुस्तकावरून विणून विकायला लागला तर मी खायचं काय?”

“बरोबर आहे तुझं,” सार्मीते म्हणाली. “विचारायला हवं.”

लाउमा जरा गोंधळली. एगिल्स साहेबांनी घसा साफ केला.

“मुद्द्यावर येऊ. तक्रारदाराचं पुस्तक तुमच्याकडे होतं का?”

“होतं. गिऱ्हाईक विसरून गेलं होतं.”

“त्यात बघून तुम्ही विणलंत?”

“बघितलं. हसले. मग विणलं.”

“हसलात? यात हसण्यासारखं काय आहे?”

“तेच दाखवायला आलेय, साहेब. हात पुढे करा.”

“काय?”

“हात हो, हात. पत्रावर सही केलेला पण चालेल.”

मान हलवणाऱ्यांपैकी एकानं हसू दाबलं. एगिल्स साहेबांनी हात पुढे केले, कारण एक्क्याऐंशी वर्षांची म्हातारी काठी टेकत टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती, आणि अशा म्हातारीला नाही म्हणायला लागणारी छाती त्यांच्याकडे नव्हती. बिरूतानं लाउमाच्या दुकानातून विकत आणलेली जोडी त्यांच्या हातांत चढवली. आई लेकराला थंडीत बाहेर पाठवताना चढवते तशी, मनगटाशी ओढून.

“आता अंगठे जुळवा,” सार्मीते म्हणाली. “हं. डाव्या हातावर लाट कुठं चाललीय?”

“आत. अंगठ्याकडे.”

“आणि उजव्यावर?”

एगिल्स साहेबांनी पाहिलं.

“साहेब, तुमचं गाव कुठलं?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“बोलण्यावरून किनाऱ्याकडचे वाटता. ‘अंगठ्याकडे’ म्हणताना शेवट गिळता, आमच्यासारखा.”

“वेयसालाच्या पलीकडे. वीस किलोमीटर.”

“वडील आहेत?”

“नाहीत.”

“खांदा दिलात ना त्यांना?”

एगिल्स साहेबांनी उजव्या हाताकडे पाहिलं, मग तो हातमोजा असा ओढून काढला की जणू आत निखारा होता. टेबलावर टाकला. डावा तसाच हातात राहिला.

“काय झालं?” लाउमानं विचारलं. “मला कुणी सांगेल का?”

“काही नाही, पोरी,” बिरूता म्हणाली. “तू लोकांची अर्धी लग्नं लावलीस आणि अर्धी मयतं काढलीस. बाकी टाके छान आहेत. ताण एकसारखा आहे. शिकवणारीनं चांगलं शिकवलंय.”

सार्मीतेनं समजावून सांगितलं. आतली लाट, बाहेरची लाट. लाउमाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

“पण संग्रहालयातल्या मोज्यावर तर…” ती म्हणाली आणि थांबली.

“बोल की,” सार्मीते म्हणाली. “कुठल्या मोज्यावर?”

एगिल्स साहेबांनी पुस्तक ओढून मुखपृष्ठ वाचलं. ‘मूळ निर्मिती.’ मग सार्मीतेनं पुढे केलेलं संग्रहालयाचं कार्ड वाचलं. आणि तेव्हा बिरूतानं तिच्या आईचा उजवा हातमोजा टेबलावर ठेवला, तो साठ वर्षं जोडीविना पडून राहिलेला, आणि त्याच्याशेजारी डाव्याचा संग्रहालयातला फोटो. दोन्ही अंगठे एकमेकांकडे. लाटा मधे भेटल्या. हे बघायला विणकाम यावं लागत नाही, दोन डोळे पुरतात.

“काकू, ती जुनी वस्तू आहे,” लाउमा हळूच म्हणाली. “संग्रहालयातली. ती सगळ्यांची असते. मी विचारायचं तरी कुणाला? कार्डावर तर फक्त गावाचं नाव होतं.”

“गावाचं होतं ना?” सार्मीते म्हणाली. “मग गावात बस येते की. दिवसातून दोनदा.”

दुसरा मान हलवणारा आता उघड हसला. सार्मीते हसली नाही. सहा आठवडे तिनं जे गिळून ठेवलं होतं ते आता बाहेर आलं. “तू जुनं म्हणतेस तेव्हा तुला वाटतं आम्ही सगळ्या मेलो. आम्ही मेलो नव्हतो, पोरी. आम्ही तिथंच बसून विणत होतो. तू आली असतीस तर मावशीनं तुला उजवासुद्धा दिला असता, वर जिरं घातलेलं चीज दिलं असतं. तू मागितलं नाहीस, घेऊन गेलीस, आणि मग माझ्यावरच चोरीचा आळ घेतलास. आणि साहेब, तुम्ही! तिला तर माहीत नव्हतं. तुम्ही किनाऱ्यावरचे. तुमच्यासमोर दोन फोटो होते. एक लग्नाचा हातमोजा, एक अर्धा मयताचा. आणि तुम्ही लग्नाच्याला खोटा म्हणालात.”

दहा मिनिटं संपली होती. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

आठवड्यानं समितीचं पत्र आलं. चार ओळींचं. ‘गैरसमज दूर झाला असून अर्जदारास नेहमीचा गाळा देण्यात येत आहे.’ गैरसमज! म्हणजे कुणाच्या तरी हातून पेला पडून फुटला, त्यातलाच प्रकार. चोर हा शब्द पत्रात नव्हता. यादीचा उल्लेख नव्हता. इमांट्स म्हणाला, “मिळाला ना गाळा? झालं तर.” सार्मीते म्हणाली, “झालं नाही,” आणि सुया उचलल्या.

त्या जूनमध्ये जत्रेत जे झालं ते वेयसालातल्या बायका अजून सांगतात, आणि दर वेळी रांग थोडी लांब होते. खरं ते एवढं: सार्मीतेनं गाळ्यावर पाटी लावली. ‘दोन डाव्या हातांची जोडी घेतली आहे का? उजवा इथे विणून मिळेल. लोकर आणा.’ पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. चिनीमातीवाला म्हणाला, “सार्मीते, ही पाटी कुणाला कळणार?” मग एक जर्मन जोडपं आलं. लग्नाला दोन वर्षं झालेली, हातात लाउमाचे हातमोजे. सार्मीतेच्या भाचीनं त्यांना जर्मनमध्ये सगळं समजावलं. नवरा बायकोकडे वळला आणि काहीतरी बोलला.

“काय म्हणाला गं?” बिरूतानं विचारलं.

“म्हणाला, तरीच!”

ही गोष्ट तासाभरात जत्राभर झाली. तीन वाजता गाळ्यापुढे रांग लागली. नवविवाहित, लग्न होऊ घातलेल्या, नवरीच्या आया, एक म्हातारा विधुर ज्याला उलट दोन्ही बाहेरच्या लाटा हव्या होत्या. वेयसालाच्या अकरा बायका निरोप मिळताच संध्याकाळच्या बसनं आल्या आणि गाळ्यामागे बाकांवर बसल्या. प्रत्येक गिऱ्हाईकानं लोकरीचा गुंडा पुढे करायचा आणि म्हणायचं, “तुमच्या हातची मागते.” नवरेही तेच म्हणत, ‘मागते’ म्हणत, आणि बायका त्यांना दुरुस्त करत नव्हत्या. बाकावर हशा पिकत होता. चार ओळी विणून द्यायच्या, पुढचं ज्याला येतं त्यानं घरी विणायचं, ज्याला येत नाही त्याला तिथेच शिकायचं. शेजारच्या गाळ्यावरचे पुरीसारखे फुगलेले खारट पाव संपले, धुरावलेले मासे संपले. इमांट्स दोनदा घरी जाऊन आला.

दुसऱ्या दिवशी रांगेत लाउमा होती. दुसऱ्या कुणाला मागे न सारता, आपल्या जागी, तासभर. तिची पाळी आली तेव्हा तिनं गुंडा पुढे केला.

“तुमच्या हातची मागते,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण म्हणाली.

बिरूतानं गुंडा दाबून पाहिला, वास घेतला. “ही लोकर? हिनं मेंढी कधी पाहिलीय का?”

“दुकानातली आहे, आजी. मला कातता येत नाही.”

“पुस्तकं लिहिता येतात, कातता येत नाही. बस इथं. पुस्तकात आता काय लिहिणार आहेस?”

“तुमच्या आईचं नाव. आणि गावाचं.”

“आणि बसची वेळ,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि अकराही बायका हसल्या. लाउमाही हसली, डोळे पुसत. बिरूतानं चार ओळी विणल्या. सार्मीते बघत होती. तिला वाटलं होतं आपल्याला ह्या पोरीचा हात झिडकारावासा वाटेल. वाटलं नाही. मागितलं होतं तिनं. मागितल्यावर वेयसालात कुणी नाही म्हणत नाही.

तेवढ्यात एगिल्स साहेब आले. बरोबर फोटोग्राफर. गळ्यात समितीची फीत, चेहऱ्यावर यजमानाचं हसू.

“वा, वा!” ते म्हणाले. “यंदाच्या जत्रेतला सगळ्यात गजबजलेला गाळा! बघा, शेवटी सगळं किती छान झालं. दोघी कलाकार एकत्र! एक फोटो होऊन जाऊ दे. मी मधे उभा राहतो.”

सार्मीतेनं सुया मांडीवर ठेवल्या. उठली. गाळ्याच्या पुढे आली, रांगेच्या तोंडाशी, जिथून सगळ्यांना ती दिसत होती.

“साहेब, आत येताना दारातला फळा पाहिलात?”

“कुठला फळा?”

“नक्कल करणाऱ्यांच्या यादीचा. मी काल पाहिला, आज सकाळीही पाहिला. पाच नावं आहेत. चौथं माझं आहे. वडिलांच्या आडनावासकट, अगदी शुद्ध लिहिलंय. ह्या सगळ्या रांगेतली माणसं ते वाचून आत आलीत आणि तरी माझ्याकडे आलीत. हा त्यांचा चांगुलपणा. तुमचा काय आहे?”

एगिल्स साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं. “ते… ती कार्यालयाची बाब आहे. प्रक्रिया असते. जत्रा संपली की बघू.”

“जत्रा संपली की फळा कोण वाचणार?”

“बाई, गाळा तर दिला ना तुम्हाला? गैरसमज होता, तो दूर झाला.”

“गैरसमज दोघांचा असतो, साहेब. मला कसलाच नव्हता. मला माझ्या डाव्या-उजव्या हाताची खात्री होती.” रांगेत कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी कुणी. सार्मीतेनं हात वर करून त्यांना थांबवलं. तिला टाळ्या नको होत्या. “तुम्ही कागदावर लिहिलंत मी चोर. सही केलीत, शिक्का मारलात. नंतरच्या कागदावर चोर नाही असं कुठंही लिहिलं नाहीत. आता फोटोत मधे उभं राहायला आलाय. उभे राहा, माझी ना नाही. पण आधी तोंडानं बोला. ह्या सगळ्यांसमोर, ह्या पोरीसमोर, माझ्या मावशीसमोर.”

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. बाकावरच्या अकराही जणींच्या सुया थांबल्या.

“मी चोरी केली होती का? हो की नाही?”